चांगलं हाटेल कशाला म्हणायचं?



पुण्या-सोलापूरकडचे पाहुणे बसवकल्याणला आले की किल्ला बघतात, त्रिपुरांत तलावाकडे जाऊन येतात, अनुभव मंटप बघतात आणि मग हमखास विचारतात, "काका, इथं कॉफी आणि नाष्टा चांगला कुठं मिळतो?" बऱ्याच जणांना 'कॅफे' म्हणायचं असतं. काचेचं दार, एसी, मोबाईल चार्जिंगची सोय. या प्रश्नाचं उत्तर मला एका वाक्यात देता येत नाही, म्हणून आज सविस्तर लिहितो.

आधी कॉफीचं सांगतो. देशातली जवळपास 70 टक्के कॉफी आपल्या कर्नाटकात पिकते, पण चिकमगळूर-कोडगू राज्याच्या त्या टोकाला आणि आम्ही या टोकाला. 1948 पर्यंत इथं निजामाची राजवट होती, पुढं 1956 पर्यंत हैदराबाद राज्य. त्यामुळं आमच्या जिभेला वळण लागलं ते हैदराबादी चहाचं. डिकॉक्शन वेगळं उकळायचं, दूध वेगळं आटवायचं आणि कपात दोन्ही एकत्र करायचं. घरातली कॉफी म्हणजे दुधाची, जायफळ घातलेली. ती पाहुणे आले तर, उपवासाला नाहीतर कुणाला बरं नसलं तर. फिल्टर कॉफी आमच्याकडे आली ती उडुपी पद्धतीच्या हाटेलांबरोबर. इडली, वडा, डोसा आणि स्टीलच्या पेल्यातली कॉफी, सगळं एकदमच आलं. दोघं असले तर 'बाय-टू' मागवायची, त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

नाष्ट्याचं विचाराल तर पाहुण्यांनी इडली-डोशाच्या मागं लागू नये, ते पुण्यातही मिळतं. इथं येऊन सुसला खावा. सोलापूर-लातूरकडे त्याला सुशीला म्हणतात. चुरमुरे पाण्यात भिजवून लगेच पिळायचे, कांदा, हिरवी मिरची, हळद, शेंगदाणे यांच्या फोडणीवर परतायचे, वरून डाळ्याचं पीठ, कोथिंबीर आणि लिंबू. बरोबर गरम मिरची भजी. चुरमुरे जास्त भिजले तर लगदा होतो आणि कमी भिजले तर घशाला लागतात, म्हणून सकाळी गर्दीच्या वेळीच खावा. ताजा घाणा असतो. त्याखालोखाल पुरी-भाजी आणि उप्पीट. जिथं सकाळी लॉरीवाले आणि बाजारकरी उभे असतात तिथं बिनधास्त शिरावं. ही माणसं दोनदा फसत नाहीत.

पण मंडळी, माझ्या मते हाटेल चांगलं की वाईट हे नुसत्या चवीवर ठरत नाही. तिथं कोण बसू शकतं, यावर ठरतं.

या ग्रुपवर जुन्या हाटेलांच्या आठवणी फार गोड होऊन येतात. संगमरवरी टेबल, मराठी-कन्नड-उर्दू एकाच बाकावर, काय त्या गप्पा! ते खरंच होतं. एकाच बाकावर तिन्ही भाषा मी रोज ऐकल्यात. पण त्या बाकावर सगळे नव्हते. लहानपणी एका हाटेलच्या बाहेर वळचणीला ठेवलेल्या वेगळ्या कपबश्या मी पाहिल्या आहेत. वरून चहा ओतायचा, पिणाऱ्यानं बाहेरच प्यायचा, कप स्वतः विसळायचा आणि परत तिथंच ठेवायचा. पैसे मात्र सगळ्यांना सारखेच.

हे कुठं चाललं होतं? बसवण्णांच्या कल्याणात. बाराव्या शतकात ज्या गावात ब्राह्मण मधुवरसाची मुलगी आणि चांभार हरळय्याचा मुलगा यांचं लग्न लागलं, त्यापायी दोघा बापांनी जीव गमावला, त्या गावात. शिवाय तोवर घटना लागू होऊन कैक वर्षं झाली होती. घटनेच्या 15 व्या कलमात दुकानांबरोबर सार्वजनिक उपाहारगृहांचा आणि हॉटेलांचा स्पष्ट उल्लेख आहे. 1955 साली अस्पृश्यतेविरुद्धचा कायदाही झाला. देशाच्या घटनेत हाटेलाचं नाव घालावं लागलं, यावरून प्रश्न केवढा मोठा होता ते समजा. कुणी म्हणेल, नाष्ट्याच्या गोष्टीत जात कशाला आणली? मी आणली नाही. ती त्या वळचणीला होतीच.

बायकांचंही तेच. माझ्या आईनं उभ्या आयुष्यात गावातल्या हाटेलात बसून चहा घेतला नाही. भजी कागदात बांधून घरी यायची. पुढं 'फॅमिली रूम' निघाल्या, म्हणजे कोपऱ्यात एक पडदा आणि पडद्याआड बंद पंखा. हे काही आपल्याच गावचं नाही. उझबेकिस्तानात ताश्कंद-समरकंदकडे चायखाने प्रसिद्ध आहेत (आमच्या दखनीतही हाच शब्द), तेही पिढ्यान्‌पिढ्या पुरुषांचेच अड्डे होते.

म्हणून नव्या कॅफेंना नावं ठेवणाऱ्यांत मी नाही. आमच्या वयाचे लोक म्हणतात, "दीडशे रुपयांची कॉफी? लुबाडतात!" जरा हिशेब करा. हाटेलचा धंदा चालतो तो एका टेबलावर दिवसातून किती गिऱ्हाइकं बसून उठतात त्यावर. पंधरा रुपयांच्या चहावर तासभर बसू दिलं तर मालकाचं भाडंसुद्धा निघणार नाही. कॅफेवाला कॉफीचे पैसे थोडे आणि खुर्चीचे जास्त घेतो. त्या खुर्चीवर आज आपल्या सुना-लेकी मैत्रिणींबरोबर निवांत बसतात, पडद्याशिवाय. कुणी जात विचारत नाही. ही लहान गोष्ट नाही.

अडचण एवढीच, की ते दीडशे रुपये ज्याच्या खिशात नाहीत तो पुन्हा बाहेरच. बाजारात हमाली करणारा, कॉलेजचा गरीब पोरगा. पूर्वी त्याला वळचण दाखवायचे, आता दरपत्रक दाखवतं.

यावर उपाय नाही असं नाही. कॉफी बोर्डानं आपली कॉफी हाऊसं बंद करायला घेतली, तेव्हा ए. के. गोपालन यांच्या पुढाकारानं कामगारांनी सहकारी संस्था काढून तीच चालवायला घेतली. बंगळूरची संस्था 1957 ची. इंडियन कॉफी हाऊस म्हणजे स्वस्त कॉफी आणि कुणी उठवत नाही अशी खुर्ची, ही ओळख त्यांनी कमावली. सहकार आपल्या भागाला काही नवा नाही.

तोवर माझं साधं सांगणं आहे. कॅफेवाल्यांनी कार्डावर एक साधी फिल्टर कॉफी परवडेल अशा दरात ठेवावी आणि ती मागणाऱ्याला वाकड्या नजरेनं बघू नये. जुन्या हाटेलवाल्यांनी पडदा काढावा, बायकांसाठी स्वच्छ संडास-बाथरूम करावं. तेवढ्यानंच निम्मं गिऱ्हाईक वाढेल. आपण घरच्या माणसांनी सुना-लेकींना 'पार्सल आणतो' म्हणू नये, बरोबर न्यावं आणि बाकावर बसवावं. आणि आम्हा पेन्शनरांनी सकाळी आठच्या गर्दीत एका चहावर टेबल अडवू नये. आपल्याला काय, अकराला गेलं तरी चालतं.

बसवण्णांनी दासोह शिकवला. त्याचा अर्थ मोठमोठे लोक भाषणांतून सांगतात. मला तो एवढाच कळतो, की आलेल्याला आधी आत बसवावं.

तर पाहुण्यांनो, काचेचं दार बघू नका. सकाळी सातला बस स्टँडच्या बाजूला जा आणि बाकावर कोण कोण बसलंय ते बघा. लॉरीचा क्लीनर, शाळेच्या बाई आणि कुणीतरी आजोबा शेजारी शेजारी सुसला खाताना दिसले, तर तिथंच बसा.

तुमच्या गावात असं हाटेल असेल तर खाली जरूर लिहा.