मोजलेला अपाय

अनाटाबिन हा तंबाखूच्या पानात निकोटिनच्या जोडीने, पण त्याहून पुष्कळ कमी प्रमाणात आढळणारा अल्कलॉइड आहे. टोमॅटो, वांगे, ढोबळी मिरची ही तंबाखूच्याच कुळातली झाडे, त्यामुळे त्यांच्यातही त्याचा अंश सापडतो. 2011 साली अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातल्या स्टार सायंटिफिक या कंपनीने हा पदार्थ अ आणि ड जीवनसत्त्वांची भर घालून चघळण्याच्या गोळीच्या रूपात बाजारात आणला आणि गोळीला अनाटाब्लॉक हे नाव दिले. कायद्याच्या दृष्टीने ते औषध नव्हते, आहारपूरक होते. शरीरातला दाह आटोक्यात राहायला मदत होते, एवढाच त्याचा उघड दावा. कंपनीचे शेअर मोठ्या संख्येने छोट्या गुंतवणूकदारांच्या हाती होते, आणि त्यांच्या वादात अनाटाब्लॉकच्या बरोबरीने आणखी एका गोळीचे नाव सतत घेतले जाई. ती गोळी म्हणजे ॲस्पिरिन.

स्टार सायंटिफिकचा मूळ धंदा सिगारेटचा. तंबाखूची पाने वाळवताना त्यांत नायट्रोसअमाइन ही कर्करोगकारक द्रव्ये तयार होतात. ती कमी ठेवणाऱ्या प्रक्रियेचे पेटंट कंपनीकडे होते आणि त्यावरून आर. जे. रेनॉल्ड्स या बड्या तंबाखू कंपनीशी तिचा कोर्टात वर्षानुवर्षे झगडा चालला. धंद्यात मात्र तोटाच होता. असा तोटा सोसत एखादी कंपनी तगून राहते ती नवे शेअर विकून. प्रत्येक नव्या विक्रीत जुन्या भागधारकाचा वाटा थोडा आणखी पातळ होतो. तो हे सोसतो, कारण पुढे काहीतरी मोठे घडणार असा त्याला भरवसा असतो. नफा नसलेल्या कंपनीचे खरे भांडवल हा भरवसाच असतो, आणि तो टिकवायला एक गोष्ट लागते, जी भागधारक एकमेकांना पुन्हा पुन्हा सांगू शकतील.

तेजीवाल्यांची गोष्ट अशी होती. हृदयविकार, मधुमेह, सांधेदुखी, अल्झायमर या सगळ्यांच्या मुळाशी दीर्घकाळ धुमसणारा दाह असतो. त्यावर जगभर घेतल्या जाणाऱ्या गोळ्या म्हणजे ॲस्पिरिन आणि तिच्या जातीची वेदनाशामके. त्यांनी पोटात रक्तस्राव होतो, माणसे दगावतात. या आजारांत दाह असतो हे खरेच होते. मर्क कंपनीने व्हायॉक्स हे वेदनाशामक हृदयविकाराच्या धोक्यामुळे सप्टेंबर 2004 मध्ये बाजारातून परत घेतल्याची आठवणही ताजी होती. अशा वादांत नेहमी पुढे येणारा आकडा म्हणजे 1999 च्या एका वैद्यकीय लेखातला अंदाज: या जातीच्या वेदनाशामकांमुळे अमेरिकेत संधिवाताच्या रुग्णांत वर्षाला 16,500 मृत्यू. यावरून निष्कर्ष निघे की दाह उतरवणारी पण पोटाला न बाधणारी गोळी ज्याच्या हाती, त्याच्या हाती केवढी तरी बाजारपेठ. मंदीवाले उलट विचारत की गोळी दाह उतरवते याला पुरावा काय. त्यावर तेजीवाल्यांचे उत्तर पुन्हा ॲस्पिरिनच्या रक्तस्रावाकडे वळे. या वळणावर फसगत कुठे आहे ते समजायला ॲस्पिरिनचे अपाय नीट पाहावे लागतात.

ॲस्पिरिन म्हणजे ॲसिटाइल सॅलिसिलिक आम्ल. विलोच्या सालीतल्या गुणकारी द्रव्यापासून मिळणारे सॅलिसिलिक आम्ल ताप आणि सांधेदुखीवर चाले, पण पोटाला फार जाचक होते. बायर कंपनीच्या प्रयोगशाळेत फेलिक्स हॉफमन यांनी 1897 मध्ये त्याचे हे सौम्य रूप शुद्ध स्वरूपात बनवले आणि 1899 पासून ते ॲस्पिरिन या नावाने विकले जाऊ लागले. ते काम कसे करते हे कळायला मात्र पुढे सत्तर वर्षे लागली. 1971 मध्ये जॉन व्हेन यांनी दाखवले की ॲस्पिरिन शरीरात प्रोस्टाग्लँडिन तयार होऊ देत नाही. त्यासाठी त्यांना 1982 च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

औषधाचा गुण आणि अपाय एकाच मुळातून कसे येतात, ते या शोधाने लख्ख दिसले. प्रोस्टाग्लँडिनांमुळे सूज आणि वेदना होतात, त्यामुळे ती थांबली की आराम पडतो. पण जठराच्या अस्तरावर चिकट पदार्थाचा थर राखण्याचे, तिथला रक्तपुरवठा सांभाळण्याचे कामही प्रोस्टाग्लँडिनच करतात. तो पहारा उठला की पोटातले आम्ल अस्तराला खाऊ लागते आणि व्रण होतो. गोळी जठरात न विरघळता पुढे आतड्यात विरघळावी म्हणून तिच्यावर लेप देतात. त्याने हा धोका टळतो असे पुष्कळांना वाटते, पण तसे नाही. ॲस्पिरिन रक्तात गेल्यावरही अस्तराचे संरक्षण कमी करतेच.

दुसरा परिणाम रक्तातल्या प्लेटलेट्सवर होतो. ॲस्पिरिन त्यांच्यातले एक एन्झाइम कायमचे निकामी करते. प्लेटलेटला केंद्रक नसल्याने ती ते नव्याने बनवू शकत नाही, आणि तिचे उरलेले सात ते दहा दिवसांचे आयुष्य तशीच काढते. म्हणून हृदयाच्या रुग्णाला दिवसाला 75 मिलिग्रॅमची इवलीशी गोळीही पुरते. महाराष्ट्रात घरोघरी ‘इकोस्प्रिन’ म्हणून ओळखली जाणारी गोळी ती हीच. रक्ताची गुठळी अडवण्याचा तिचा गुण आणि वाहते रक्त लवकर न थांबण्याचा तिचा दोष, दोन्ही एकच क्रिया. डेंग्यूत प्लेटलेट्स आधीच घटलेल्या असतात, म्हणून पावसाळ्यात तापाला ॲस्पिरिन घेऊ नका, पॅरासिटामॉल घ्या, असे डॉक्टर बजावतात. काही दमेकऱ्यांना ॲस्पिरिनने झटका येतो. मोठ्या मात्रेने कानात गुणगुण सुरू होते. फ्लू किंवा कांजिण्या झालेल्या मुलांना ती दिली तर क्वचित यकृत आणि मेंदूला इजा करणारा राय सिंड्रोम होतो. त्याचा संबंध ध्यानात आल्यावर 1980 च्या दशकात अमेरिकेत वेष्टनावर इशारा छापणे सक्तीचे झाले.

वादात हटकून निसटणारी गोष्ट इथेच आहे. 75 मिलिग्रॅमची ॲस्पिरिन दाहावरचे औषध म्हणून दिलेली नसते. सांध्याची सूज उतरवायला दिवसाला काही ग्रॅम, म्हणजे कित्येक पट मात्रा लागते. छोटी गोळी काम करते ती प्लेटलेट्सवर. त्यामुळे दाह कमी करणारे एखादे पूरक कितीही निर्धोक निघाले, तरी ते हृदयरुग्णाच्या ॲस्पिरिनची जागा घेईल असे त्यातून निघत नाही. आणि 16,500 चा अंदाज तर संधिवाताच्या रुग्णांचा, त्यांच्या वेदनाशामकांचा. छोट्या ॲस्पिरिनचा नव्हेच. दोन वेगळ्या मात्रांचे, दोन वेगळ्या कामांचे हिशेब एका वहीत मांडले गेले, आणि बाजारपेठेचा फुगवलेला आकडा त्यातून तयार झाला.

ॲस्पिरिनचे अपाय एवढ्या बारकाव्याने माहीत आहेत, कारण ते मोजले गेले. 1980 च्या दशकात अमेरिकेतल्या 22,071 पुरुष डॉक्टरांनी स्वतःवरच चाचणी करून घेतली. निम्म्यांना दिवसाआड 325 मिलिग्रॅम ॲस्पिरिन, निम्म्यांना नुसती दिखाऊ गोळी. ॲस्पिरिन घेणाऱ्यांत हृदयविकाराचे झटके 44 टक्क्यांनी कमी निघाले. या निकालानंतर निरोगी माणसांनीही रोज ॲस्पिरिन घेण्याची चाल पडली. पुढे ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतल्या 19,114 वयस्क लोकांवर ॲस्प्री ही चाचणी झाली. त्यांतले बहुतेक सत्तरी ओलांडलेले आणि हृदयविकार नसलेले होते. 2018 मध्ये निकाल आला तेव्हा हृदयविकारात लक्षणीय फायदा दिसला नाही, मोठा रक्तस्राव मात्र ॲस्पिरिन घेणाऱ्यांपैकी 3.8 टक्क्यांना आणि दिखाऊ गोळी घेणाऱ्यांपैकी 2.8 टक्क्यांना झाला. 2022 मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञमंडळाने साठीच्या पुढच्या निरोगी माणसांनी प्रतिबंधासाठी ॲस्पिरिन नव्याने सुरू करू नये, अशी शिफारस केली. ज्याला झटका येऊन गेला आहे किंवा ज्याच्या रक्तवाहिनीत स्टेंट आहे, त्याची गोष्ट निराळी. त्याला तिचा फायदा धोक्याहून मोठा आहे, आणि त्याने ती मनानेच बंद करणे जिवावर बेतू शकते.

आता हाच हिशेब अनाटाब्लॉकला लावून पाहावा. त्याच्या बाजूने मांडल्या जाणाऱ्या पुराव्यात उंदरांवरचे प्रयोग होते, रक्तातल्या सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन या दाहदर्शक घटकाच्या काही नोंदी होत्या, आणि हाशिमोटो या थायरॉइडच्या आजाराच्या सुमारे दीडशे रुग्णांवरची तीन महिन्यांची चाचणी होती. त्या चाचणीत एका प्रतिपिंडाची पातळी घटली. हा निकाल खोटा नव्हता, पण प्रतिपिंड घटणे म्हणजे रोगी बरा होणे नव्हे. आणि सुरक्षिततेबद्दल तर त्यातून फारच थोडे कळते. ॲस्प्रीतला जादा रक्तस्राव शंभरात एक होता, तोही सरासरी पावणेपाच वर्षांत. खुद्द ॲस्पिरिन सत्तर-पंचाहत्तर माणसांना तीन महिने देऊन पाहिली असती, तर तिच्यामुळे झालेला एकही मोठा रक्तस्राव बहुधा दिसला नसता, आणि ती पोटाला अगदी निर्धोक ठरली असती. संख्याशास्त्रातला एक साधा नियम आहे: तीनशे माणसांत एखादा अपाय एकदाही दिसला नाही, तरी तो शंभरात एकाला होत असण्याची शक्यता शिल्लक राहते. पूरकाचे दुष्परिणाम ऐकू येत नाहीत, हे बहुतेक वेळा ते शोधलेच गेले नसल्याचे लक्षण असते.

अमेरिकेत ते शोधण्याची सक्तीही नाही. 1994 च्या आहारपूरक कायद्यानुसार पूरक विकण्याआधी त्याचा गुण सिद्ध करावा लागत नाही. शरीराच्या एखाद्या कार्याला मदत होते, एवढे म्हणता येते. रोग बरा होतो असे म्हणता येत नाही, आणि या दाव्याची तपासणी औषध प्रशासनाने केलेली नाही असे वेष्टनावर छापावे लागते. घटक नवा असेल तर विक्रीच्या 75 दिवस आधी प्रशासनाला कळवावे लागते. डिसेंबर 2013 मध्ये प्रशासनाने स्टार सायंटिफिकला जे इशारापत्र पाठवले, त्यात नेमके हेच दोन आक्षेप होते: आधी कळवले नाही, आणि प्रचारात रोगांवरच्या उपायासारखे दावे केले.

पुराव्याची उणीव प्रतिष्ठेने भरून काढण्याचा प्रयत्न कंपनीच्या पाठीराख्यांनाच नव्हे, राज्यालाही भोवला. 30 ऑगस्ट 2011 रोजी व्हर्जिनियाच्या गव्हर्नरांच्या निवासस्थानी अनाटाब्लॉकसाठी समारंभ झाला. तिथे विद्यापीठांतल्या संशोधकांना प्राथमिक अभ्यासासाठी धनादेश वाटले गेले. गव्हर्नर बॉब मॅकडॉनेल यांनी पुढे एका सरकारी बैठकीत खिशातून ही गोळी काढून सहकाऱ्यांना दाखवली. विद्यापीठांतून अपेक्षित संशोधन उभे राहिले नाही. कंपनीचे प्रमुख जॉनी विल्यम्स यांनी मॅकडॉनेल दांपत्याला दीड लाख डॉलरहून अधिक किमतीच्या भेटी आणि कर्जे दिल्याचे तपासात निघाले. त्यांत रोलेक्स घड्याळही होते. सप्टेंबर 2014 मध्ये ज्युरीने दोघांना दोषी ठरवले. 27 जून 2016 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मॅकडॉनेल यांची दोषसिद्धी एकमताने रद्द केली. बैठक ठरवणे किंवा समारंभ भरवणे याला आपोआप ‘अधिकृत कृती’ म्हणता येत नाही, हा त्या निकालाचा गाभा. गोळी गुणकारी आहे की नाही, हा प्रश्न त्या न्यायालयापुढे नव्हताच.

भागधारकांसाठी ही वर्षे क्लेशाची होती. गव्हर्नरांच्या घरचा समारंभ ज्यांनी पुरावा मानला, त्यांच्या हाती चौकशीच्या बातम्या आल्या. शेअर पडला, दावे दाखल झाले. बरे होण्यासाठी धडपडणारा आजारी माणूस आणि घरातल्या आजाऱ्यासाठी आशा धरून शेअर घेणारा माणूस हे पुष्कळदा एकच असतात, म्हणून असे नुकसान नुसत्या पैशांत मोजता येत नाही.

विल्यम्स प्रमुखपदावरून गेले. त्यांच्या जागी फ्लोरिडातल्या रॉस्कँप इन्स्टिट्यूटचे मायकेल मलन आले. अनाटाबिनवरचे बरेचसे संशोधन याच संस्थेत झाले होते. 2014 मध्ये कंपनीने रॉक क्रीक फार्मास्युटिकल्स हे नाव घेतले आणि ऑगस्टमध्ये अनाटाब्लॉकची विक्री थांबवून औषध म्हणून मान्यता मिळवण्याचा लांबचा रस्ता धरला. 2015 मध्ये ब्रिटनमध्ये अनाटाबिन सायट्रेटची पहिल्या टप्प्याची चाचणी निरोगी स्वयंसेवकांवर सुरू झाली. त्या टप्प्यात मुख्यतः एकच गोष्ट तपासतात: हा पदार्थ माणसाच्या शरीराला किती मात्रेपर्यंत सोसतो. गोळी तोवर तीन वर्षे बाजारात विकली गेली होती.