विश्लेषण : मुदत आधीच ठाऊक, तरी सेवा ठप्प कशी होते?

६ डिसेंबर २०१८ रोजी ब्रिटनमधील ‘ओटू’चे मोबाइल इंटरनेट पहाटेपासून बंद पडले. सुमारे ३.२ कोटी ग्राहकांना फटका बसला. जपानमध्ये ‘सॉफ्टबँक’चीही त्याच दिवशी तीच गत झाली. हा सायबर हल्ला नव्हता. ‘एरिक्सन’च्या सॉफ्टवेअरमधील एका सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत संपली होती.

प्रमाणपत्राचे काम काय?

बँकेचे संकेतस्थळ उघडताना समोरचा सर्व्हर खरोखर त्याच संकेतस्थळाचा आहे, याची खात्री ब्राउझर प्रमाणपत्रावरून करतो. गुप्त किल्ली चोरीला गेली किंवा संकेतस्थळाचा मालक बदलला, तर जुने प्रमाणपत्र कायम चालत राहू नये, म्हणून त्याला मुदत असते.

दुर्लक्ष किती महागात पडते?

२०१७ मध्ये अमेरिकेतील ‘इक्विफॅक्स’मध्ये नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या यंत्रणेचेच प्रमाणपत्र कालबाह्य झाले होते. त्यामुळे चोर ७६ दिवस आत असूनही कोणाला कळले नाही. नवे प्रमाणपत्र बसवताच संशयास्पद हालचाल दिसली. तोवर सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती गेली होती.

आता घाई का?

संकेतस्थळांच्या प्रमाणपत्रांची कमाल मुदत ३९८ दिवस होती. नव्या नियमानुसार ती १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ मध्ये १०० आणि २०२९ मध्ये केवळ ४७ दिवस होते. म्हणजे वर्षातून एकदा करायचे काम किमान आठ वेळा करावे लागेल. मोफत प्रमाणपत्रे देणाऱ्या ‘लेट्स एन्क्रिप्ट’ने तर मुदत संपण्याची आठवण देणारे ईमेल जून २०२५ मध्येच बंद केले.

उपाय कोणता?

स्वयंचलित नूतनीकरण हवेच, पण तेवढे पुरत नाही. नवे प्रमाणपत्र येऊनही सर्व्हर ‘रीलोड’ झाला नाही, तर तो जुनेच दाखवत राहतो. म्हणून ग्राहकाला प्रत्यक्ष दिसणारी तारीख बाहेरून रोज तपासणारी वेगळी यंत्रणा हवी. अंतर्गत सर्व्हरसह सर्व प्रमाणपत्रांची यादी हवी. इशारा एकाच कर्मचाऱ्याच्या ईमेलवर नको. तो नोकरी सोडून गेला की इशाराही हरवतो.

संपण्याची तारीख प्रमाणपत्रावरच छापलेली असते. त्यामुळे अशा बिघाडाला ‘तांत्रिक अडचण’ म्हणणे ही पळवाट ठरते. ती व्यवस्थापनाची चूकच असते. शिवाय ब्राउझरचा इशारा ओलांडून पुढे जाण्याची सवय ग्राहकांना लागली, तर खऱ्या फसवणुकीच्या वेळीही ते तेच करतील.