वीज आली, स्टोरेज आलं का?

जुलै २०२५ मध्ये हिंजवडीत महापारेषणच्या २२० केव्ही भूमिगत वाहिनीत बिघाड झाला आणि आयटी पार्कसह परिसरातल्या हजारो ग्राहकांची वीज गेली. वीज कधी गेली आणि कधी आली याच्या बातम्या झाल्या. आल्यानंतर काय झालं, ते कोणी विचारलं नाही. हिंजवडीतून मी चाकण, म्हाळुंगे, भोसरी भागातल्या सुट्या भागांच्या कारखान्यांचे लिनक्स सर्व्हर सांभाळते. त्यावरून सांगते, खरी गडबड वीज परत येते तेव्हा होते. वीज जाण्याची तयारी आपल्या पट्ट्यातल्या बहुतेक कारखान्यांनी केली आहे; यूपीएस आहे, जनरेटर आहे. परत उभं राहण्याची तालीम मात्र जवळजवळ कोणीच घेत नाही.

मध्यम आकाराच्या कारखान्यात एका रॅकमध्ये तीन गोष्टी असतात : सर्व्हर, नेटवर्कचा स्विच आणि नॅस, म्हणजे सगळ्यांची माहिती साठवणारी डिस्कची पेटी. ड्रॉइंग, तपासणीचे अहवाल, कॅमेऱ्याने काढलेले भागांचे फोटो, सगळं नॅसवर. सर्व्हर नेटवर्कवरून नॅसवरचं फोल्डर स्वतःच्याच डिस्कवर असल्यासारखं जोडून घेतो. याला माउंट करणं म्हणतात. त्यासाठी बहुतेक ठिकाणी वापरतात ती एनएफएस ही पद्धत सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये आणली, आणि आजही ती उत्तम चालते.

वीज आली की तिघं एकदम चालू होतात. छोटा सर्व्हर मिनिटभरात तयार असतो. स्विचला त्याहून जास्त वेळ लागतो. वीज अचानक गेली असेल तर नॅस आधी आपल्या डिस्क तपासतो, मग दार उघडतो. इकडे लिनक्समध्ये २०१० पासून आलेली सिस्टमडी ही व्यवस्था शक्य तितकी कामं एकाच वेळी सुरू करते. माउंटला ती मुळात ९० सेकंद देते. तेवढ्यात नॅसने उत्तर दिलं नाही, तर माउंट फसलं अशी नोंद करून ती पुढे जाते आणि आपणहून पुन्हा प्रयत्न करत नाही. दहा मिनिटांनी नॅस उभा राहतो, तेव्हा त्याला विचारणारं कोणी उरलेलं नसतं.

याहून फसवा प्रकार स्विचचा. सर्व्हरला कायमचा पत्ता दिलेला असतो. केबलचा दिवा लागला, पत्ता आहे, म्हणजे नेटवर्क आलं असं तो मानतो. पण स्पॅनिंग ट्रीच्या जुन्या पद्धतीत स्विच नव्याने जागा झालेला पोर्ट ३० सेकंद अडवून धरतो, जाळ्यात कुठे वेढा पडलेला नाही ना याची खात्री करण्यासाठी. दिवा हिरवा, पण एकही पॅकेट पलीकडे जात नाही. म्हणून लॉगमध्ये एका ओळीत नेटवर्क ऑनलाइन दिसतं आणि खालच्याच ओळीत नॅस सापडत नाही. सर्व्हर आणि स्विच या दोघांच्या लॉगमधल्या वेळा शेजारी ठेवल्याशिवाय हे कळत नाही, आणि फार थोडे लोक तसं करतात.

आयस्कझी डिस्कचं दुखणं वेगळं. ती नेटवर्कवरून येत असली तरी सर्व्हरला घरचीच डिस्क वाटते. काय कुठे माउंट करायचं याची यादी असते त्या एफएसटॅब फाइलीत तिच्यापुढे 'नेटडेव्ह', म्हणजे ही नेटवर्कवरची आहे, हा पर्याय लिहिला नसेल, तर सर्व्हर नेटवर्कच्या आधीच तिला शोधतो आणि न सापडल्याने इमर्जन्सी मोडमध्ये थांबतो. रात्री दोनला फोन येतो, ‘मॅडम, काळी स्क्रीन आलीये, पासवर्ड मागतोय.’ घाईत कोणीतरी एफएसटॅबमध्ये 'नोफेल' लिहितं, म्हणजे डिस्क सापडली नाही तरी पुढे जा. सर्व्हर सुरू होतो, सगळे सुटकेचा श्वास सोडतात. मला मात्र थांबलेल्या सर्व्हरपेक्षा हा जास्त धोक्याचा वाटतो.

चाकणजवळच्या एका कारखान्यात काय झालं ते सांगते. पहाटे वीज आली, माउंट फसलं, पण तपासणीचं सॉफ्टवेअर सुरू झालं. नॅस जोडायचा त्या जागेचं रिकामं फोल्डर सर्व्हरच्या छोट्या डिस्कवर असतंच. सकाळच्या पाळीचे सगळे अहवाल त्यातच जात राहिले. दुपारी कोणीतरी हाताने माउंट केलं आणि नॅसचं फोल्डर त्यावर येऊन बसलं. सकाळच्या नोंदी खाली झाकल्या गेल्या. पुसल्या गेल्या नव्हत्या, फक्त दिसत नव्हत्या. दोष आला तपासणी विभागातल्या शिकाऊ मुलीवर : तू नोंदीच केल्या नाहीत. वाहन उद्योगाच्या आयएटीएफ १६९४९ या मानकात नोंदी जपण्याला केवढं महत्त्व आहे, हे त्या मुलीला तिच्या साहेबांइतकंच ठाऊक होतं. नॅस सोडवून खाली पाहिलं, तेव्हा सगळे अहवाल वेळेसकट तिथेच होते. यंत्राच्या चुकलेल्या क्रमाचा ठपका सर्वांत कमी पगाराच्या माणसावर येतो, हे मला सहन होत नाही.

यावरचे उपाय फुकट आहेत. तपासणीच्या सॉफ्टवेअरला स्पष्ट अट घालायची की हे फोल्डर माउंट झाल्याशिवाय तू सुरू व्हायचं नाहीस. सिस्टमडीमध्ये ती एका ओळीची अट आहे. नॅस सोडवलेला असताना खालचं रिकामं फोल्डर 'चॅटर' आज्ञेने गोठवून टाकायचं, म्हणजे चुकूनही त्यात काही लिहिलं जाणार नाही. ऑटोमाउंट वापरलं तर फोल्डरला पहिला हात लागेल तेव्हा जोडणी होते आणि ९० सेकंदांची शर्यत बरीचशी टळते. एफएसटॅबमध्ये नॅसचं नाव लिहिलं असेल आणि नाव सांगणारा डीएनएस सर्व्हरही त्याच वेळी उठत असेल, तर तिथे सरळ आयपी पत्ता लिहावा.

याउलट मला सगळीकडे दिसते ती सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये घातलेली 'स्लीप ६०'. एक मिनिट थांबायचं आणि पुढे जायचं. नॅसमधल्या डिस्क वाढल्या की ते मिनिट पुरत नाही, मग १२० होतात, मग ३००. कशाची वाट पाहायची हे न सांगता नुसतं थांबायला सांगणं म्हणजे दुरुस्ती नव्हे.

मालक म्हणतात, सगळं बंद करून बघायला वेळ कुठे आहे? वेळ आहे. आपल्याकडे कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते आणि महावितरणही देखभालीची कामं गुरुवारीच काढतं. तीन महिन्यांतून एका गुरुवारी रॅकचा मुख्य स्विच खरोखर बंद करावा, दहा मिनिटांनी चालू करावा आणि कोणीही कळफलकाला हात न लावता काय उभं राहतं ते पाहावं. नेटवर्कचा स्विच यूपीएसवर आहे का, हेही त्याच दिवशी कळतं. अनेक ठिकाणी तो नसतो, कारण यूपीएस घेताना फक्त सर्व्हर मोजलेला असतो.

आज ही माहिती बहुतेक जागी एखाद्या जुन्या ऑपरेटरच्या डोक्यात आहे : आधी स्विच, मग नॅस, त्याचा दिवा स्थिर झाला की सर्व्हर. तो सुट्टीवर असला की कारखाना अडतो. त्याचं ऐकून हा क्रम मराठीत, मोठ्या अक्षरांत रॅकवर चिकटवा, म्हणजे रात्रपाळीच्या सुरक्षारक्षकालाही वाचता येईल. आणि पुढच्या वर्षीच्या देखभाल करारात, डिस्क आणि बॅटरीच्या ओळींखाली, आणखी एक ओळ दरासकट मागा : दर तिमाहीला एकदा संपूर्ण बंद-चालू चाचणी, प्रत्येक माउंटच्या वेळेच्या नोंदीसह.