धुरा आणि खराटा

आमच्या वावराच्या उत्तरेकडच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, चुलतभावाशी वाद लागला, त्याला आता अकरा वर्षं झाली. तुरीची दोन तासं बसतील एवढीच ती जागा. पण तिने माझी पहिली दोन वर्षं खाऊन टाकली, आणि ते माझ्या आधी मायच्या लक्षात आलं. मी बाजारात जावं, बसस्टँडजवळ चहाला थांबावं, अकोल्याच्या गाडीत खिडकीशी बसावं. बाजूला येऊन टेकणारा माणूस हमखास भाऊबंदकीतला निघायचा. कुणाचा बांध कोरला गेलेला, कुणाची विहीर वाटणीत अडकलेली, कुणाच्या सातबाऱ्यावर भलतंच नाव. संध्याकाळी घरी येऊन मी मायला म्हणालो, ‘‘सारं जग भांडून रायलं.’’ ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘‘तुह्या डोस्क्यात धुरा बसला हाय, बापा. मंग तुले धुरेवालेच भेटतीन ना!’’

माय शाळेत गेलेली नाही. पण भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात श्रीकृष्ण अर्जुनाला हेच सांगतात, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. माणूस श्रद्धेचा घडलेला असतो, त्याची जशी श्रद्धा तसाच तो असतो, असं तिथे म्हटलं आहे. श्रद्धा म्हणजे देवघरात दाखवतो ती नव्हे. दिवसभर मन ज्याच्याभोवती घिरट्या घालतं, ती. त्या दोन वर्षांत मी रोज दिवा लावत होतो, पण माझं उपास्य धुरा होतं.

सारखं सारख्याला ओढतं, हे आपण म्हणींतून ऐकत मोठे होतो. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला की वाण नाही पण गुण लागतो, हे कोणत्याही शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. अलीकडे मात्र हे जुनं शहाणपण मोबाइलवर वेगळ्याच वेषात फिरतं. मनात चांगलं आणा, ब्रह्मांड तुम्हाला चांगलंच देईल. वाईट आलं तर तुमच्याच विचारांनी ते ओढून आणलं. या शिकवणीचा मला मनापासून राग येतो. 2017च्या खरिपात गुलाबी बोंडअळीने विदर्भातली कपाशी पोखरली, तेव्हा आमच्या भागात बोंड फोडून पाहणाऱ्या बाईच्या डोळ्यांत काय होतं ते मी पाहिलं आहे. तिने मनात अळी आणली होती काय? पाऊस, भाव, अळी, कर्ज हे मनाच्या ओढीने येत नाही आणि मनाच्या ओढीने जातही नाही. दुःख भोगणाऱ्याच्या माथी दुःखाचा दोषही मारायचा, ही क्रूरता आहे, मग ती कितीही गोड आवाजात सांगितलेली असो. ओढ असते ती आत. काय घडतं यावर तिची सत्ता नाही. घडलेल्यातून आपण काय उचलतो आणि कुणाजवळ जाऊन बसतो, एवढ्यावरच आहे.

याचा सगळ्यात मोठा दाखला आपल्या वऱ्हाडानेच दिला आहे. अमरावती जिल्ह्यातल्या लोणी टाकळीत 1881 साली गुलाबराव महाराज जन्मले. टाकळी हे नाव आमच्याही गावाच्या नावात आहे, म्हणून लहानपणी मला वाटे की ते आपलेच. कुणब्याचं पोर, नवव्या महिन्यात दृष्टी गेलेली, आई लवकर गेलेली. या मुलाने जवळपास सहाशे वर्षांपूर्वी समाधी घेतलेल्या ज्ञानेश्वरांना गुरू मानलं. 1901 साली त्यांचा अनुग्रह झाला असं ते सांगत, आणि स्वतःला ज्ञानेश्वरकन्या म्हणवून घेत. पोथ्या दुसऱ्याकडून वाचून घ्यायच्या, ऐकलेलं मनात धरायचं आणि सांगून लिहवून घ्यायचं, अशा रीतीने चौतिसाव्या वर्षी देह ठेवेपर्यंत त्यांनी शंभराहून अधिक ग्रंथ सिद्ध केले. ज्ञानेश्वरांची आळंदी कुठे, गुलाबरावांचं माधान कुठे! पण जवळपास कोण आहे हे ती ओढ पाहत नाही. समाजाने वाळीत टाकलेलं, आईबापांवाचून राहिलेलं एक पोर तेराव्या शतकात ज्ञानाला मराठीत आणून बसवतं. आणि वऱ्हाडातलं एक आंधळं पोर त्याला माउली म्हणून हाक मारतं. हे दोघे एकमेकांना ओळखतात, यात मला तरी काही नवल वाटत नाही.

आता दुसरं टोक पाहा. गुलाबरावांच्या पाच वर्षं आधी, 1876 साली, त्याच जिल्ह्यातल्या शेंडगावात डेबूजी जन्मला. पुढे तोच गाडगेबाबा. लहानपण गेलं आमच्या अकोला जिल्ह्यात, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला, मामाच्या घरी. एकच मुलूख, एकच काळ, दोघेही कष्टकऱ्यांच्या घरचे. पण एकाला ग्रंथांनी ओढलं, दुसऱ्याला खराट्याने. शेजार सारखा म्हणून ओढ सारखी होत नाही.

गाडगेबाबा गावात शिरले की आधी झाडायला लागत. कुणाला बोलावत नसत. थोड्या वेळाने कुणीतरी घरातून आपला खराटा घेऊन बाहेर येई, मग आणखी एक. पाटीवर नाव लिहून माणसं जमवणारे पुष्कळ असतात. इथे खराट्याचा आवाजच निवड करत होता. ज्याच्या आत ती कळ होती तोच उठून येई. पण संध्याकाळच्या कीर्तनाला येणारे निराळे असत. दारू पिणारे, सावकाराच्या वहीत अडकलेले, नवसाला बकरं कापणारे. सज्जनाकडे सज्जन ओढले जातात एवढंच खरं असतं, तर हे लोक आलेच नसते. मग ते का येत?

मला वाटतं, उत्तर गाडगेबाबांच्या घरात आहे. डेबूजीचे वडील झिंगराजी दारूपायी गेले, आणि विधवा आईला लेकरू घेऊन माहेरी जावं लागलं. ती जखम त्यांच्या आत होती. स्वतःच्या मुलीच्या बारशाला त्यांनी भावकीच्या रीतीप्रमाणे दारू-मटण न देता गोडाचं जेवण घातलं, ते त्या जखमेतूनच. समोर बसलेल्या दारुड्याला कीर्तनातले खोचक प्रश्न ऐकताना कळत असणार की हा माणूस माझ्या घराच्या आतून बोलतो आहे. जखम जखमेला ओढते. गुत्त्यातही तीच ओढ असते आणि कीर्तनातही तीच. फरक एवढाच, की कीर्तनात बोलावणाऱ्याने आपली जखम धुऊन बांधलेली असते.

शाळेचं तोंड न पाहिलेल्या गाडगेबाबांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या हवाली केली. एकाच्या हातात फुटकं मडकं, दुसऱ्याच्या पाठीशी कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या. आतून दोघांना टोचणारा काटा एकच. 1956च्या डिसेंबरात बाबासाहेब 6 तारखेला गेले आणि बाबा 20 तारखेला, वलगावजवळ.

मन ज्याच्याभोवती फिरतं तसाच माणूस होतो, हे सांगायला आपले संत अळीचा दृष्टांत देतात. भिंगुरटी ही माशी अळीला मातीच्या घरात कोंडते, आणि सतत तिचंच ध्यान करून अळी स्वतः भिंगुरटी होते. आमच्या ओसरीच्या आढ्याला अशी मातीची घरं होती. एकदा मी एक फोडून पाहिलं. आत अळी होती, पण दंशाने बधिर झालेली, आणि तिला खात मोठं होणारं माशीचं पिल्लू. प्रत्यक्षात अळीची माशी होत नाही. अळी खाल्ली जाते आणि माशी बाहेर पडते. दृष्टांत यामुळे खोटा ठरला असं मला वाटलं नाही. उलट तो अधिक भीतीदायक झाला. धुऱ्याचं ध्यान करता करता मीही त्या दोन वर्षांत आतून खाल्ला जात होतो, आणि बाहेरून माणूस तोच दिसत होता.

आमच्या गावच्या कालंका देवीच्या देवळातला शिलालेख शके 1098 चा, म्हणजे 1176 सालचा. त्या दगडासमोर सुमारे साडेआठशे वर्षं माणसं काहीबाही मागत आली. मी धुऱ्याची मोजणी माझ्या बाजूने निघावी एवढंच मागत असे. गेल्या नवरात्रात पहाटे गेलो, तर कुणीतरी आवार झाडत होतं. कोपऱ्यात दुसरा खराटा टेकवलेला होता. मी तो उचलला. काही मागायचं राहून गेलं.

धुऱ्याचं प्रकरण अजून निकाली निघालेलं नाही. मागच्या आठवड्यात धुऱ्यावर उभा होतो, तर पलीकडून चुलतभाऊ आला. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग त्याने विचारलं, ‘‘तुह्या वावरात रोही उतरतेत का रे?’’

‘‘उतरतेत,’’ मी म्हणालो. ‘‘काल पाच होते.’’

‘‘माह्याकडेही पाचच होते,’’ तो म्हणाला, आणि धुऱ्यावर बसला.