यीस्ट घालण्यापूर्वी

घरच्या घरी बिअर तयार करण्याचा छंद आता आपल्या परिचितांच्या परदेशस्थ मुलांपर्यंत येऊन पोहोचला आहे. इंग्लंडमध्ये १९६३ पासून आणि अमेरिकेत संघराज्याच्या कायद्याने १९७९ पासून त्यास मुभा आहे. आपल्याकडे परवान्यावाचून मद्य तयार करणे हा कर्नाटक अबकारी कायदा, १९६५ अन्वये गुन्हा आहे, तेव्हा सांबऱ्यात कोणी त्या वाटेस जाऊ नये. मात्र या छंदातील अर्धे शास्त्र बालरोगतज्ज्ञाच्या उपयोगाचे आहे, आणि तो अर्धा भाग यीस्ट घालण्यापूर्वीच संपतो.

या मंडळींची 'पार्शल मॅश' नावाची एक पद्धत आहे. मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा भरडा ६५ ते ६८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवतात. मोड येताना दाण्यात तयार झालेले अमायलेज स्टार्चचे तुकडे करते, घट्ट लगदा पातळ होतो व गोड लागू लागतो. लागणारी बाकीची साखर तयार माल्ट-अर्कातून घेतात. मग हा रस उकळून थंड करावयाचा व त्यात कोरड्या एल यीस्टचे पाकीट रिकामे करावयाचे. हे यीस्ट म्हणजे पावाचेच सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. जुलाबाच्या बाळांना आपण ज्या पुड्या लिहून देतो त्यांतील बोलार्डी हाही त्याच जातीचा एक प्रकार. त्या पुड्या आपण गरजेपेक्षा अधिक लिहितो असे माझे स्पष्ट मत आहे. क्षारसंजीवनी आणि झिंक यांची जागा त्या घेऊ शकत नाहीत.

परंतु मूळ मुद्दा अमायलेजचा. सहा महिन्यांनंतर बाळाला पेज सुरू होते. साधे पीठ शिजताना पाणी शोषून फुगते. १०० मिलीलीटर पाण्यात १० ग्रॅम पीठ घातले की पेज घट्ट होऊ लागते, बाळ ती तोंडातून बाहेर ढकलते. आई काय करते? पाणी ओतते. ५ टक्के पिठाची २०० मिलीलीटर पेज पाजली तर पोटात जातात केवळ ३५ किलोकॅलरी. आठ किलोच्या बाळाचे जठर एका वेळी साधारण २४० मिलीलीटर मावून घेते, म्हणजे पोट भरते आणि बाळ उपाशीच राहते. स्तनपान चालू असताना सहा ते आठ महिन्यांच्या बाळास वरच्या आहारातून दिवसाला सुमारे २०० किलोकॅलरी हव्यात, वर्षानंतर सुमारे ५५०. पाणीदार पेजेने हा हिशेब कधीच जुळत नाही.

येथे माल्ट कामास येतो. २० टक्के पिठाची घट्ट लापशी चुलीवरून उतरवून, बोट क्षणभरच टिकेल इतकी गरम असताना तिच्यात चमचाभर मोडाचे पीठ घालून ढवळावे. काही मिनिटांत ती चमच्याने पाजण्याजोगी पातळ होते आणि २०० मिलीलीटरमध्ये १४० किलोकॅलरी मावतात. त्यानंतर पुन्हा एक उकळी द्यावी, कारण ओलसर मोडांत जंतूही वाढतात. ही शेवटची पायरी आयांना निक्षून सांगावी. १९८० च्या दशकात म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत मल्लेशी व देशिकाचार यांनी आणि बडोद्याला तारा गोपालदास यांनी या विषयावर पायाभूत काम केले. भरड धान्यांत नाचणीचा माल्ट सरस ठरला. ती नाचणी खानापूर-चंदगडच्या डोंगरउतारांवर आपल्या अंगणातच पिकते!

'आमच्याकडे नाचणीचे सत्त्व करतातच' असे कोणी म्हणेल. करतात, पण भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून. नाचणीतील कॅल्शियमचा मोठा वाटा कोंड्यात असतो आणि तो कोंडा फडक्यातच राहतो. उरतो तो बव्हंशी स्टार्च. कित्येक ठिकाणी मोड आणलेलेही नसतात. बाजारात 'रागी माल्ट' म्हणून मिळणारी पूड पुष्कळदा नुसते भाजलेले पीठ व साखर असते. खमंग भाजल्याने अमायलेज नष्ट होते, ही गोष्ट आपल्या सुगरणींना रुचणार नाही. रात्रभर भिजवणे, दोन दिवस ओल्या फडक्यात मोड आणणे, उन्हात कडक वाळवणे, मोड चोळून काढणे, वास येईल न येईल इतपतच शेकणे व न गाळता दळणे, एवढेच पुरे.

दोन सावधगिरीच्या सूचना. आपल्या भागातील ज्वारीचे मोड या कामी वापरू नयेत, कारण ज्वारीच्या कोंभात सायनाइड निर्माण करणारे द्रव्य असते. दुसरे, माल्ट म्हणजे संपूर्ण आहार नव्हे. त्यात डाळ, तेल किंवा तूप घालावेच लागते आणि लोहाचे थेंब चुकवून चालत नाहीत. एकट्या माल्टने वजन वाढतेच असे सर्व अभ्यास सांगत नाहीत. मला तो पटतो तो साधेपणामुळे: महिन्याला पावशेर नाचणी आणि थोडे ऊन.

२०२४ पासून कर्नाटकातील सरकारी शाळांत दुधातून रागीची पूड दिली जाऊ लागली, हे उत्तमच. मात्र खरी निकड शाळेच्या वयाआधीची आहे, आणि तेथे बाळाची आई अंगणवाडीत जाण्याआधी आपल्या दवाखान्यात येते. तिला आपण डब्याचे नाव सांगतो. शिशुआहारासंबंधीचा १९९२ चा कायदा व त्यातील २००३ ची दुरुस्ती या डब्यांच्या उत्पादकांकडून डॉक्टरांच्या संघटनांना परिषदांसाठीही पैसा घेऊ देत नाही. आपल्या पुढील स्मरणिकेच्या जाहिराती गोळा करणाऱ्या सदस्यांनी ते कलम एकदा वाचावे, आणि एक पान मोडाच्या पिठाच्या कृतीसाठी मराठी व कन्नड अशा दोन्ही भाषांत मोकळे ठेवावे. त्या पानाचा मजकूर लिहून देण्यास मी तयार आहे.