हेन्योंना सलाम ठोकून झाला असेल, तर आपल्या खाडीवर या

मंडळी, त्या कोरियन मालिकेचं कौतुक आता पुरे करूया. 'व्हेन लाइफ गिव्ह्ज यू टँजरिन्स' मीही बघितली. त्यातली ती पाणबुडी आई लहान वयात जाते तेव्हा मीही रडले. पण त्यानंतर माझ्या फीडवर जे सुरू झालंय ते बघून डोकं फिरलंय. 'समुद्राच्या लेकी', 'कष्टाळू माउल्या', 'नारीशक्तीला सलाम'. आणि हे टाकणारे निम्मे लोक आपल्याच तालुक्यातले. सकाळी दारावर तिसऱ्या घेऊन येणाऱ्या बाईशी दहा रुपयांसाठी वाद घालणारे.

जेजूच्या बायका कष्ट करतात ही काही बातमी नाही हो. कष्टाला आपल्याकडे तोटा आहे का? फरक दुसरीकडेच आहे, आणि तो कुणी सांगत नाही म्हणून हे लांबलचक लिहितेय.

जेजू हा दक्षिण कोरियाचा एक अख्खा प्रांत, आणि अख्खा प्रांत म्हणजे एक बेट. ज्वालामुखीचा दगड. पाऊस भरपूर, पण पाणी खाली झिरपून जातं, भातशेती जवळपास नाहीच. मग उरला समुद्र. तिथल्या हेन्यो, म्हणजे पाणबुड्या बायका, ऑक्सिजनच्या नळकांड्याशिवाय दहा-दहा मीटर खाली जातात. एका बुडीत साधारण मिनिटभर श्वास धरतात आणि शंख, अबालोन नावाचे शिंपले, समुद्रशेवाळ काढतात. दिवसाला सहा-सात तास, वर्षाला नव्वदेक दिवस. उरलेल्या दिवसांत शेतातली बाजरी, बार्ली, लसूण आहेच.

इथपर्यंत सगळ्यांना माहीत झालंय. आता पुढचं ऐका.

गावासमोरचा समुद्र तिथे 'सगळ्यांचा' नाही. तो त्या गावच्या मच्छीमार सहकारी मंडळाचा आहे, आणि बुड्या मारायचा हक्क त्या मंडळाच्या सभासद बायकांना आहे. नावानिशी. कुठल्या दिवशी उतरायचं, कुठे उतरायचं, विणीच्या दिवसांत कुठला शंख काढायचा नाही, केवढ्या आकाराच्या आतला परत टाकायचा, हे त्याच ठरवतात. किनाऱ्यावर दगडांचं एक गोल कडं असायचं, मध्ये शेकोटी. बुलतोक म्हणतात त्याला. तिथे कपडे बदलायचे, अंग शेकायचं, नवख्या पोरींना शिकवायचं, आणि तिथेच निर्णय. सगळ्यात अनुभवी बाईचं ऐकायचं. काही गावांत किनाऱ्याजवळचा उथळ तुकडा म्हाताऱ्यांसाठी राखून ठेवतात. नावच आहे 'आजीचा समुद्र'. तरण्या बायकांनी तिकडे जायचं नाही. पेन्शन योजनेचा शोध लागायच्या आधीची पेन्शन म्हणा हवं तर.

आणि माझा सगळ्यात आवडता भाग. ओनप्योंग नावाच्या गावात १९५० साली शाळा जळाली. गावाकडे पैसे नाहीत. तेव्हा बायकांनी समुद्राचा एक भाग शाळेच्या नावाने काढून ठेवला आणि तिथल्या शेवाळाचे सगळे पैसे शाळेच्या इमारतीला दिले. 'शाळेचा समुद्र' म्हणतात त्याला. शाळेत त्या बायकांच्या नावाने दगडी स्मारक आहे.

आता मला सांगा, हे दान त्या का देऊ शकल्या? फार दानशूर होत्या म्हणून? समुद्राच्या त्या तुकड्याचं काय करायचं हे ठरवायचा अधिकार त्यांच्या हातात होता म्हणून! हातात काहीच नसलेली बाई फक्त श्रमदान करू शकते. आणि श्रमदानाला आपण टाळ्या वाजवतो, कारण टाळ्या फुकट असतात.

हा अधिकार कुणी महिला दिनाला नारळ फोडून दिलेला नाही. जपानी राजवटीत हेन्योंची संघटना जपानी अधिकाऱ्यांच्या ताब्यात गेली. माल पडेल त्या भावाने उचलायचा, वजनात मारायचं, वर्गणी मात्र पुरी घ्यायची. १९३२ च्या जानेवारीत बायका रस्त्यावर उतरल्या. सेह्वाच्या बाजारात बेटाच्या जपानी प्रमुखाची गाडी अडवली. हातात शंख काढायच्या कोयत्या. महिनोन् महिने सभा आणि मोर्चे चालले, एकूण सहभाग सतरा हजारांचा सांगतात. पुढारी बायकांना तुरुंगात घातलं. नंतर १९४८ पासून त्या बेटावर सरकारी कत्तल झाली, हजारो माणसं मेली, काही गावांत पुरुष म्हणून उरले नाहीत. ती गावं पुन्हा उभी राहिली ती याच बायकांच्या कमाईवर.

बरं, म्हणून जेजू म्हणजे बायकांचं राज्य, असंही कुणी सांगू नका. मान आणि श्राद्ध मुलग्यांकडेच होतं. बहिणीने बुड्या मारून भावाची फी भरायची, हे घरोघरी होतं. आणि आज ही परंपरा संपत चाललीय. १९७० मध्ये चौदा हजारांवर हेन्यो होत्या, आता तीन हजारसुद्धा नाहीत, आणि त्यातल्या बहुतेक साठी ओलांडलेल्या. मुलींना हे करायचं नाही, आणि मला त्यांचं म्हणणं पटतं. युनेस्कोने २०१६ साली यादीत घेतलं तेव्हा या बायका म्हाताऱ्या झाल्या होत्या. सलाम नेहमी शेवटीच येतो.

आता आपल्या खाडीवर या.

ओहोटी लागली की आपल्याकडे किती बायका चिखलात उतरतात, मोजलंय कुणी? तिसऱ्या, मुळे, खुबे, खडकावरची कालवं. कमरेपर्यंत पाणी, हातापायांना चिरे. घरचा पुरुष मुंबईला असो की दारूत, त्या दिवसाचं मीठमिरची या पैशांवर. पावसाळ्यात दोन महिने बोटी बंद असतात तेव्हा घर कोण चालवतं, विचारा. पर्यटक ताट भरून तिसऱ्या मसाला खातात आणि फोटो टाकतात. त्या आल्या कुठून?

आणि कागदावर या बायका कोण? गृहिणी! १९८१ चा महाराष्ट्र सागरी मासेमारी अधिनियम परवाना देतो तो बोटीला. पायी खाडीत उतरणाऱ्या बाईकडे बोट नाही, म्हणजे परवाना नाही, म्हणजे ती मच्छीमारच नाही. खाडीत वाळूचा पंप लागतो, तळ उपसला जातो, तिसऱ्यांची जागा एका मोसमात खलास. नुकसान कुणाचं झालं? कागदावर कुणाचंच नाही. एका गावच्या बैठकीत मी हा विषय काढला, तर उत्तर मिळालं, "ताई, बायका हौसेने जातत थंय." हौसेने! पहाटे चार वाजता, पौषातल्या थंडीत!

दोन उत्तरं नेहमी येतात. पहिलं : बचत गट दिलेत की. दिलेत, आणि त्यातून पापड, लोणची, कोकम सरबत. मला त्यात वाईट काही दिसत नाही. पण वेंगुर्ल्यात मांडवी खाडीवर 'स्वामिनी' गटाच्या बायका स्वतः होडी वल्हवत लोकांना कांदळवन दाखवतात, ते बघा. खाडीवर धंदा, खाडीचीच माहिती, कमाई त्यांची. असं एक उदाहरण सापडतं आणि आपण दहा वर्षं तेच सांगत बसतो.

दुसरं उत्तर : महिन्याला पंधराशे मिळतात ना? घ्या, जरूर घ्या. जेजूतही सत्तरीपुढच्या हेन्योंना दरमहा भत्ता मिळतो, उपचार मोफत होतात. पण तो हक्काच्या वर मिळतो, हक्काच्या बदल्यात नाही.

आणि 'खाडी सगळ्यांचीच आहे' म्हणणाऱ्यांना एवढंच, सगळ्यांची म्हणजे ज्याच्याकडे पंप आहे त्याची.

काय करता येईल? जैविक विविधता कायदा २००२ सालचा आहे. त्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती असायला हवी आणि गावाची लोक जैवविविधता नोंदवही हवी. बहुतेक ठिकाणी ती कपाटात आहे, कुणीतरी बाहेरच्याने भरून दिलेली. ती बाहेर काढायला लावा. तिच्यात तिसऱ्यांच्या, कालवांच्या जागा, त्या कोण काढतं, कुठल्या महिन्यात, हे बायकांना विचारून लिहा. वाळूचा विषय येईल तेव्हा हा कागद पुढे ठेवता येतो. समितीत खाडीत उतरणाऱ्या निदान तीन बायका घ्या, सरपंचाची भावजय नको. आणि या जागांवर पंप लागणार नाही असा ठराव ग्रामसभेत मांडा.

२६ जानेवारीची ग्रामसभा जवळच आहे. ठरावाचा मसुदा मी तयार केलाय, मराठीत, दीड पान. ज्यांना हवा त्यांनी गावाचं नाव लिहून मेसेज करा. आणि सभा ओहोटीच्या वेळी लावू देऊ नका, भरती-ओहोटीचं कोष्टक बघून वेळ मागा.