बोटाचा दाब कोण तपासणार?

जबड्याच्या सांध्याचे दुखणे अनेकदा दाढेच्या नावावर खपते. चावण्याच्या स्नायूतली कळ दाढेत उमटते, कधी कानात. मग धडधाकट दाढेचे रूट कॅनाल होते. बंगळूरुच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रासारख्या कामगारवस्तीत आणखी एक गोम आहे. तोंड पुरते न उघडणाऱ्या कामगाराचा दोष सांध्यात असेल, स्नायूत असेल, किंवा गुटख्यातल्या सुपारीने गालाचे आतले अस्तर ताठरले असेल. तिन्हींचे उपचार निराळे, आणि तिसऱ्यात कर्करोगाचा धोका.

ओपीजी, म्हणजे जबड्यांचा एक्स-रे, काढून हा पेच सुटत नाही. त्यात हाडाची झीज दिसते. सांध्यातली चकती पाहायला एमआरआय लागतो. निदानाचा खरा भार बोटांवर आणि मोजपट्टीवर. 2014 साली प्रसिद्ध झालेले आंतरराष्ट्रीय निकष याबाबत काटेकोर आहेत: गालाच्या व कानशिलाच्या स्नायूंवर 1 किलोचा दाब, सांध्याच्या बाहेरच्या टोकावर अर्धा किलो, तोही 2 सेकंद. दाबल्यावर दुखले एवढ्याने भागत नाही. ‘नेहमीची कळ ती हीच का?’ याला होकार हवा. उलट सांधा नुसताच कटकट वाजत असेल, दुखत वा अडकत नसेल, तर सहसा काही करावे लागत नाही. हे न शिकलेला दंतवैद्य अशा रोग्याच्या गळ्यात दातांवर बसवायची महागडी स्प्लिंट मारणारच.

बीडीएसच्या अभ्यासक्रमात हा सांधा शरीररचनेत भेटतो, मुखवैद्यकात भेटतो, शस्त्रक्रियेत आणि कृत्रिम दातांच्या विभागातही. चार घरचा पाहुणा उपाशी, तशी त्याची गत; बोटाचा दाब तपासणे कोणाचेच काम नाही. पीण्यातल्या कारखान्यांत व्हर्नियर आणि टॉर्क पाना ठरल्या मुदतीत कॅलिब्रेशनला जातात. विद्यार्थ्याच्या बोटाला तशी कसोटी लावायला साधा वजनकाटा पुरतो.

बाह्यरुग्ण विभागात वेळ नसतो, ही तक्रार खरी आहे. पण चाळणीला तीनच प्रश्न लागतात: गेल्या 30 दिवसांत जबडा किंवा कानशील दुखले का, उठल्यावर जबडा आखडतो का, चावताना वा बोलताना दुखणे बदलते का. उत्तर ‘हो’ आले तरच पूर्ण तपासणी.

2023च्या राष्ट्रीय दंत आयोग कायद्यात जुन्या दंत परिषदेच्या जागी आयोगाची तरतूद आहे. अभ्यासक्रम हाती घेताना आयोगाने ही तपासणी अंतिम वर्षाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत सक्तीची करावी. एकच रोगी विद्यार्थी आणि परीक्षक यांनी स्वतंत्रपणे तपासावा, आणि दोघांची निदाने कितपत जुळतात त्यावर गुण द्यावेत.

– एक वाचक, पीण्या, बंगळूरु